बापाची हजेरी

शाळेत बाप येतो तो कागदासाठी. बोनाफाईड पाहिजे असतं, आधार कार्डावर जन्मतारीख चुकलेली असते, जातीच्या दाखल्याला आजोबांच्या शाळेतला उतारा जोडायचा असतो, नाहीतर ‘लेक लाडकी’ योजनेचे पैसे कुठं अडकले ते विचारायचं असतं. तो चपला बाहेर काढतो, दाराशी उभा राहतो आणि म्हणतो, ‘‘सर, एक काम व्हतं.’’ त्याचं लेकरू तिथंच दुसऱ्या रांगेत मान वर करून बघत असतं. बापही एकदा त्याच्याकडे बघतो. पोरगा वाचतो का, कोणाशी बोलतो, कोणाशी भांडतो, हे विचारायचं त्याच्या मनात असतं. कागद हातात आल्यावरही तो जरा घुटमळतो, त्यावरून ते कळतं. पण तोवर खिशातला फोन वाजतो, बाहेर ट्रॅक्टरवाला हाका मारत असतो, आणि बाप जातो.

मी जिल्हा परिषद शाळेत प्राथमिक शिक्षक आहे. बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे हे माझं कामाचं गाव. आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजारहाटाला, पोलीस ठाण्याच्या कामाला इथं येतात. शिवारात कपाशी, मका, सोयाबीन, तूर. खानदेशची हद्द जवळ, त्यामुळं बोलण्यात वऱ्हाडीबरोबर तिकडचेही शब्द सहज येतात. इथंच मी शिक्षक म्हणून मुरलो आणि इथंच बाप झालो. ही दोन कामं मला एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहितो आहे.

शाळेच्या लेखी पालक म्हणजे आई. २०२२ मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान राज्यभर सुरू झालं. त्यात वस्तीवस्तीवर मातांचे गट करायचे, लेकरांकडून घरीच करून घ्यायच्या गोष्टी मातांना समजावून द्यायच्या. फार चांगलं काम आहे ते. ओट्यावर भाजी निवडत बसलेली आई लेकराला भेंड्या मोजायला लावते, लांब एकीकडे, आखूड एकीकडे करायला सांगते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसरीकडे शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ही निम्म्या स्त्रियांची अट नसती तर ती सगळी समिती पुरुषांनीच भरली असती, हे मी गावाच्या अनुभवावरून सांगू शकतो. समितीत बाप येतो आणि हिरिरीनं बोलतो. पत्र्यांबद्दल, बोअरबद्दल, आवारभिंतीबद्दल. लेकराच्या वाचनाचा विषय निघाला की म्हणतो, ‘‘ते त्याच्या मायले विचारा.’’ बापाच्या वाट्याला शाळेची भिंत आली आणि आईच्या वाट्याला मूल, अशी ही वाटणी आहे. ती मला कधीच पटली नाही.

त्यात आमचा जिल्हा मातृतीर्थ. सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्म झाला. १२ जानेवारीला तिथं महाराष्ट्रभरातून माणसं लोटतात. त्याच गावात जिजाऊंच्या वडिलांची, लखुजीराव जाधवांची समाधी आहे. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात ते आणि त्यांची मुलं दग्यानं मारली गेली. शाळेची सहल गेली की मी मुलांना त्या समाधीपाशी जरा जास्त वेळ थांबवतो. ज्या माउलीच्या नावानं आपला जिल्हा ओळखला जातो, ती कोणाची तरी लेक होती आणि तिचा बाप इथं आहे, हे मुलांनी उभं राहून बघावं असं मला वाटतं.

माझ्या वडिलांनी मला कडेवर घेतलेलं मला आठवत नाही. वडीलधाऱ्यांसमोर आपलंच लेकरू उचलायचं नाही, ही तेव्हाची रीत. आजोबा ओट्यावर बसलेले असले की वडील आमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. ओढ होती, ती दुसऱ्या वाटेनं दिसायची. शाळा उघडायच्या आदल्या रात्री ते जुने पेपर घेऊन बसायचे आणि आम्हा सगळ्या भावंडांच्या पुस्तकांना कव्हरं घालायचे. घड्या इतक्या नेमक्या की वर्षभर कव्हर सुटायचं नाही. आजचा बाप पोराला गाडीच्या टाकीवर बसवून बाजारात नेतो, वाढदिवसाला मोताळ्याहून केक आणतो, पोरीचा फोटो स्टेटसला ठेवतो. चारचौघांत तिचा मुका घेतो. हे बघून मला खरोखर आनंद होतो. एका पिढीत एवढी लाज गळून पडली, ही लहान गोष्ट नाही. पण नाक पुसणं, डबा भरणं, ताप मोजणं, दप्तरातली वही उघडून बघणं, हे रोजचं काम अजून आईकडेच आहे. प्रेम करायला बाप पुढं आला. राबायला अजून यायचा आहे.

माझ्या घरी हे राबणं आपसूक आलं. बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, तिला रात्रपाळी असते. मुलगी झाली तेव्हा आम्ही दोघांनी ठरवून घेतलं की रात्रपाळीच्या आठवड्यात पोरीचं सगळं माझ्याकडे. सगळं म्हणजे सगळं. बाटली उकळणं, लंगोट, अंघोळ, रात्रीचं जागरण. सासूबाई आल्या की त्यांना आधी बरं वाटायचं नाही. ‘‘जावईबापू, ठेवा, मी करते,’’ म्हणायच्या. मी म्हणायचो, ‘‘आई, तुम्ही बसा, मला हात बसू द्या.’’ पुढं पुढं सासूबाईच शेजारणींना सांगायला लागल्या की आमची नात बापाच्याच मांडीवर झोपते.

दीड महिन्याच्या लसीला मी पोरीला घेऊन गेलो. बाकावर सगळ्या बायाच होत्या. माझ्या हातातलं माता व बाल संरक्षण कार्ड बघून पहिला प्रश्न आला, ‘‘आई नाही आली?’’ ती रात्रपाळी करून झोपली आहे, म्हटलं. बायांनी सरकून जागा दिली. एका आजीनं मला दाखवलं की पेन्टाचं इंजेक्शन मांडीत देताना लेकराचा पाय कसा धरायचा: गुडघ्याच्या वर हलक्या हातानं, आवळून नाही. अडीच महिन्यांच्या, साडेतीन महिन्यांच्या डोसाला मीच गेलो. साडेतीन महिन्यांच्या वेळी दुसरा एक बाप आला होता, बायकोच्या मागं भिंतीला टेकून उभा. मी पोरीला धरून बसलेला बघून तो पुढं आला आणि बायकोच्या हातातून लेकरू घेऊन माझ्या शेजारी बसला. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. दोघांची लेकरं एकदमच रडायला लागली.

इथं कायद्याचं एक सांगतो, कारण नोकरदार बापांना ते माहीत असावं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मूल झाल्यावर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. मी केंद्राचा कर्मचारी नाही, म्हणून पोरीच्या जन्माच्या वेळी मी माझ्या किरकोळ रजा टाकल्या. राज्य शासनानं जुलै २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा लागू केली. ती महिला कर्मचाऱ्यांना आहे, आणि पुरुषांपैकी ज्यांची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली आहे त्यांना आहे. ज्या बापावर अशी वेळ आली त्याला हा मोठाच आधार आहे, त्याबद्दल शासनाचे आभार मानले पाहिजेत. पण आई घरात धडधाकट असतानाही बापानं लेकराजवळ असावं लागतं, हे अजून कागदावर पुरतं उतरलेलं नाही. आणि ज्यांना कसलीच रजा नाही, त्या शेतकऱ्याचं, मजुराचं, ड्रायव्हरचं काय, हा तर याहून मोठा प्रश्न आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे बाप तेच आहेत.

त्या बापांना मी खरं ओळखलं ते टाळेबंदीत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पहिली ते चौथीचे वर्ग खेड्यांमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, तेही जानेवारीत परत काही दिवस बंद करावे लागले. त्या सुरुवातीच्या दिवसांत सुरतेहून, पुण्याहून, मुंबईहून आमच्या भागातली माणसं परत आली. कोणी कपड्याच्या मिलमध्ये, कोणी चाकणला कंपनीत, कोणी टेम्पोवर. काही बाप असे होते की त्यांची पोरं त्यांना दिवाळीपुरतीच ओळखत. तेच बाप आता महिनोन्‌महिने घरात.

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असा उपक्रम निघाला. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवायला लागलो. घरात फोन एकच, आणि तो बापाचा. सकाळी पाठवलेला धडा बापाबरोबर शेतात जायचा आणि संध्याकाळी बॅटरी संपून घरी यायचा. मग मी वेळ बदलली. दिवेलागणीनंतर अभ्यास पाठवायचा आणि लगेच फोन करायचा, तोही लेकराशी बोलायला म्हणून, पण आधी बापाशीच बोलायचं. ‘‘भाऊ, आज एवढंच करायचं. त्यानं वाचून दाखवलं की तुम्ही ऐकायचं.’’ एका बापानं मला सांगितलं, ‘‘सर, मले वाचता येत नाई. पोरगं बरोबर वाचते का चूक वाचते, मले काय कळनार?’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हाला गोष्ट कळली तर तो बरोबर वाचतोय. नाही कळली तर त्याला म्हणा, परत सांग.’’ पुढं हाच माणूस मला सांगायला लागला की पोरगा कुठं अडखळतो: जोडाक्षर आलं की थांबतो, प्रश्नचिन्हाकडे लक्ष देत नाही. अक्षर न येणाऱ्या माणसाचा कान इतका पक्का असतो, हे मी डी.एड.ला शिकलो नव्हतो. तो पोरगा शाळा उघडल्यावर वर्गात नीट वाचत आला. त्याचं सगळं श्रेय मी त्या बापाला देतो.

टाळेबंदीचा काळ सोपा नव्हता, घरात पैसा नव्हता, काही घरांत त्याच कोंडलेपणातून मारहाण वाढली, दारू वाढली. हे मी विसरलेलो नाही. पण बाप घरात असला, त्याला नेमकं काम सांगितलं आणि ते त्याच्या वेळेला सांगितलं, तर तो ते करतो, हे मला तेव्हा पक्कं कळलं. शाळा सुरू झाल्यावर ते हातचं जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं.

पालकसभा आमच्याकडे दुपारी व्हायची. दुपारी बाप शेतात. रब्बीत तर त्याचं गणित आणखी वेगळं. शेतीपंपाची थ्री-फेज लाईन पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस जेवून निघतो, थंडीत हरभऱ्याला पाणी देत फिरतो, पहाटे चिखलाच्या पायानं घरी येतो आणि लेकरं शाळेला निघतात तेव्हा तो झोपलेला असतो. मक्याचे दिवस असले की रानडुकरांसाठी जागलीला जावं लागतं. असा बाप आणि त्याचं लेकरू एकाच घरात राहून आठवडाभर एकमेकांना जागेपणी भेटत नाहीत. त्याला ‘तुम्ही मुलाकडे लक्ष देत नाही’ असं कोण्या तोंडानं म्हणायचं? म्हणून आम्ही बापांची सभा रात्रीची घ्यायला लागलो, तीही दिवसाच्या लाईटचा आठवडा बघून. जेवणं उरकून बाप शाळेच्या मैदानात येतात, लेकरं सोबत असतात, आया हवं तर येतात. सुरुवातीला बाप भिंतीच्या कडेनं उभे राहायचे. लेकरांनी हाताला धरून सतरंजीवर आणून बसवलं.

भाषणं ठेवली नाहीत. प्रत्येकानं आपल्या कामातली एक वस्तू आणायची आणि मुलांना ती चालवून दाखवायची, एवढंच. एकानं कापूस मोजायचा काटा आणला. ड्रायव्हरनं भुसावळपासून सुरतेपर्यंतची गावं क्रमानं सांगितली आणि मुलांनी ती नकाशावर शोधली. एकानं दोर वळून दाखवला. सगळ्यात मागं बसलेला एक गवंडी होता. त्याचा मुलगा चौथीत, गणितात कच्चा म्हणून मला माहीत. गवंडीभाऊंनी पिशवीतून ओळंबा, गुण्या आणि टेप काढला. म्हणाले, ‘‘सर, घर आखाचं असते तव्हा कोपरा काटकोनात कसा काढतात, हे सांगू का?’’

त्यांनी मैदानात चुन्यानं एक रेघ मारली आणि कोपऱ्यातून दुसऱ्या बाजूला दोरी ताणली. पोराला टेपचं शून्याचं टोक धरायला लावलं. कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण. मग म्हणाले, ‘‘आता या खुणेपासून त्या खुणेपर्यंत मोजा. बराबर पाच फूट आलं तर कोपरा खरा. कमी भरलं तर कोपरा आत दबला, जास्त भरलं तर बाहेर फाकला.’’ मुलांनी मोजलं. पाच फूट आणि वर दोन बोटं. त्यांनी दोरी किंचित आत सरकवली, परत मोजायला लावलं. पाच. मग सहा-आठ-दहा करून दाखवलं, मोठ्या खोलीला तेच माप. शाळेच्या वर्गाचा कोपरा मुलांनी जाऊन मोजला. तो खरा निघाला तेव्हा गवंडीभाऊ म्हणाले, ‘‘ज्यानं हे बांधलं त्याचा हात चांगला व्हता.’’

हे प्रमेय मुलं पुढं हायस्कूलमध्ये पायथागोरसच्या नावानं शिकतील. त्या रात्री चौथीच्या पोरांना ते एका बापानं टेप आणि चुन्यावर शिकवलं, आणि टेपचं दुसरं टोक त्याच्याच लेकाच्या हातात होतं. तो मुलगा त्यानंतर भूमितीच्या तासाला पुढं बसायला लागला. सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर कामावर जाऊन मापं घेतो, आणि फूट-इंचाचं सेंटिमीटर मलाच करून दाखवतो. बाप मुलाला काय देऊ शकतो असा प्रश्न कोणी विचारला, की मी हे सांगतो. प्रत्येक बापाजवळ हाताचं काही ना काही ज्ञान असतं. ते पोराला दिसेल अशी जागा मात्र शाळेनं करून द्यावी लागते.

१४ एप्रिलला मी मुलांना दरवर्षी बाबासाहेबांच्या वडिलांबद्दल सांगतो. रामजी सकपाळ सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत कुटुंब राहायचं. तेवढ्या जागेत भीमाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून त्याला लवकर झोपवायचं आणि पहाटे दोनला उठवायचं, अशी त्यांची रीत होती. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन दागिना मागून आणायचा, तो गहाण ठेवायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. बाबासाहेबांनी हे स्वतः सांगून ठेवलं आहे. एका वर्षी ही गोष्ट ऐकून एक शेतकरी बाप मला म्हणाला, ‘‘सर, लाईट आली की दोनला मी उठतोच. याले बी उठवू का?’’ त्याच्या मनातला उमाळा मला कळला. मी म्हटलं, ‘‘भाऊ, लहान आहे, त्याला झोपू द्या. तुम्ही पहाटे आलात की झोपायच्या आधी त्याला उठवा आणि दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा.’’ तसं त्यानं केलं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेपर्यंत तो मुलगा रोज पहाटे बापाच्या शेजारी बसून पाठांतर करायचा. चहा बापच करायचा.

बापांची सभा ठरवताना एका गोष्टीनं मी फार घाबरलो होतो. पश्चिम विदर्भातल्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर अशी नावं असतात, ज्यांच्या बापानं कर्जापायी, नापिकीपायी जीव दिला. आमच्याही आहेत. ‘सगळ्यांनी बाबांना घेऊन या’ असं फळ्यावर लिहिलं की त्या लेकराचं काय होतं, ते मी एका मुलीच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.  म्हणून आमच्या निरोपात ‘घरातला पुरुष माणूस’ असं असतं. त्या मुलीबरोबर तिचा मामा येतो. मामाची स्वतःची दोन लेकरं दुसऱ्या गावात शिकतात; तरी भाचीच्या सभेला तो मोटरसायकलवर अंधारात येतो. मागच्या वेळी तिनं त्याला सगळ्यांसमोर आपली वही वाचून दाखवली. बापाच्या जागी उभं राहणाऱ्या अशा माणसांची नोंद कुठल्याच फॉर्ममध्ये होत नाही. आजोबा, काका, मोठा भाऊ. त्यांना सभेत पहिल्या ओळीत बसवायचं, हा आमच्या शाळेचा नियम आहे.

आता मुलींच्या बापांबद्दल. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८५५ मुली होत्या. त्याआधी, २००१ मध्ये, ९०८ होत्या. मातृतीर्थ म्हणवणाऱ्या जिल्ह्यात दहा वर्षांत एवढ्या मुली कमी झाल्या. त्या आकड्यातली लेकरं पुढं माझ्याच वर्गात येऊन बसली. मुलांच्या दोन रांगा भरायच्या आणि मुलींच्या रांगेत जागा उरायची. हा आकडा मला बापांच्या सभेत वाचून दाखवावासा वाटला, आणि मी तो दाखवला. सभा बराच वेळ गप्प होती. मग दोन मुलींचा एक बाप उठला आणि म्हणाला, ‘‘मले दोन पोरीच हायेत. लोक म्हनतात अजून एक बघ. मी नाई बघत.’’ एवढंच बोलून तो खाली बसला. त्याची थोरली त्याच्याच शेजारी होती. हे वाक्य तिनं ऐकलं, याचं मोल मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा जास्त वाटतं.

माझी मुलगी माझ्याच शाळेत शिकते. वर्गात मला सर म्हणते, फाटकाबाहेर पडलो की पप्पा. आईची रात्रपाळी असली की सकाळी मी तिच्या वेण्या घालतो. खोबरेल तेल आधी तळहातावर चोळायचं, भांग कंगव्याच्या टोकानं पाडायचा, तीन पेड सारखे घ्यायचे आणि रिबीन तिसऱ्या पेडात शेवटच्या निम्म्यात गुंफायची, म्हणजे दिवसभर सुटत नाही. हे तिच्या आईनं मला शिकवलं. वेण्या घालताना पोरगी आरशात बघत जे काही बोलते, ते ती दिवसात दुसऱ्या कोणत्याही वेळी बोलत नाही. मैत्रिणीशी का अबोला आहे, कोणत्या बाईंची भीती वाटते, रात्री काय स्वप्न पडलं. समोर बसवून विचारलं असतं तर यातलं काही कळलं नसतं. हाताला काम असताना आणि डोळे दुसरीकडे असताना लेकरू मोकळं होतं. बैल धुताना, पेंड भिजवताना, गाडी पुसताना बाप आणि लेकरू असंच बोलत असणार. म्हणून मी बापांना सांगतो, पोराला वेगळा वेळ काढून उपदेश करू नका. तुमच्या कामात त्याला हाताशी घ्या, त्याच्या कामात तुम्ही हात घाला.

जे बाप बाहेरगावी आहेत, त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉल आहे. पण रोजचा नेमलेला वेळ असेल तरच. सुरतेला गेलेला आमचा एक पालक रोज जेवणाच्या सुट्टीत मुलीला पाढा विचारतो. आधी तो पैसे आले का विचारायचा, आता पाढा विचारतो. दोन्ही विचारणं काळजीचंच आहे, पण पोरगी पाढ्याची वाट बघते.

२०२४ पासून राज्यात नियम झाला: १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या कागदोपत्री नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव. ही मुलं पहिलीत येतील तेव्हा माझ्या हजेरीपटावर आईचं नाव बापाच्या आधी असेल. हे व्हायलाच हवं होतं. आईला कागदावर जागा मिळाली. आता बापानं स्वयंपाकघरात, दवाखान्याच्या बाकावर, लेकराच्या वहीजवळ आपली जागा घ्यावी.

माझ्या शिक्षक भावाबहिणींना एवढीच विनंती आहे. पुढच्या पालकसभेचा निरोप लिहाल तेव्हा ‘माता-पालक’ एवढंच लिहू नका. बापाला त्याच्या नावानं बोलवा, आणि वेळ त्याच्या लाईटच्या पाळीला, त्याच्या मजुरीला विचारून ठरवा. ज्याला बाप नाही त्याच्या मामाला, काकाला, आजोबाला तितक्याच मानानं बोलवा. आणि हे वाचणारे जे बाप असतील, त्यांनी आज संध्याकाळी लेकराचं दप्तर स्वतःच्या हातानं उघडून बघावं, उद्या शाळेत यावं, कागदाचं काम नसलं तरी यावं. चपला बाहेर काढून दाराशी थांबू नका, भाऊ. आत या आणि दुसऱ्या रांगेत त्याच्या शेजारी बसा.